मापांच्या वहीतली दोन पानं

प्रिय छकुले,

फोनवर मी ‘सगळं ठीक’ म्हणते, कारण बाबा शेजारीच बसलेले असतात. खरं तर मी पार थकलेय गं. पक्षाघातातून त्यांचा हात जरा सावरला, तर या फिट मागे लागल्या. एक निस्तरत नाही तोवर दुसरं हजर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या बऱ्याच आहेत, कुठली मानवेल ते घेतल्यावरच कळेल, रोज लिहून ठेवा. मी बाबांची दुकानातली मापांची जुनी वही काढली. डाव्या पानावर पहिली गोळी, उजव्या पानावर दुसरी. जिथे ते गिऱ्हाइकांची छाती-कंबर लिहायचे, तिथे मी त्यांची झोप, तोल आणि राग लिहिते.

पहिल्या गोळीवर सहा आठवडे एकही फिट नाही. पण राग! तुला ठाऊकच आहे, धागा तुटला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. गोळीने त्यात तेल ओतलं. चहा गार म्हणून कप भिंतीवर फेकला, डाग अजून आहे. म्हणून बाईंनी हळूहळू गोळी बदलली, आणि बाई गं, माणूसच बदलला. परवा मला म्हणाले, तू आधी जेव. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता खरं सांगते. गेल्या बुधवारी माझ्या स्वेटरला बटण लावत असतानाच त्यांना फिट आली. तोंड वाकडं, हात उडतोय, सुई बोटांत तशीच. दोन मिनिटांनी थांबली, मग झोपले. उठल्यावर काही आठवेना. मी वहीत लिहिलं, ‘दिवस शांत गेला.’ रविवारी पुन्हा आली. खुर्चीवरून पडले, कपाळाला खोक पडली. शेजारीण विचारायला आली, तिला सांगितलं दार लागलं. वहीत परत तेच लिहिलं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई ती वही बघतील आणि माझ्यावर विश्वास ठेवून हीच गोळी चालू ठेवतील. मला तो कप फेकणारा माणूस पुन्हा घरात नको गं, पण माझ्या लबाडीपायी हा जीवही जायला नको. बाबांसमोर माझ्याने हे सांगवणार नाही. तू ये आणि हे पत्र बाईंच्या हातात दे. त्या पहिली गोळी म्हणाल्या तर मी पहिली देईन. बटण अर्धंच लागलंय, मी स्वेटर तसाच घालतेय.

तुझीच,
आई