मणी सारख्या अंतरावर टांगल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
विज्ञान प्रदर्शन तक्रार निवारण समिती,
जिल्हा अहिल्यानगर.

विषय : कु. प्रज्ञा नितीन साळवे, इयत्ता नववी, हिच्या प्रतिकृतीवरील परीक्षकांचा शेरा रद्द करून, राज्यस्तरीय यादी जाण्यापूर्वी फेरपरीक्षण घेण्याबाबत.

संदर्भ : माझा पहिला अर्ज व त्यास समितीचे लेखी उत्तर.

महोदय,

समितीचे उत्तर मिळाले. पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, दुसऱ्याच कुणाच्या अर्जाचे उत्तर चुकून माझ्याकडे आले आहे. दुसऱ्यांदा वाचल्यावर तशी समजूत करून घेण्याची सोय उरली नाही. म्हणून हा अर्ज.

मी कर्जत तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवते. प्रज्ञा माझी विद्यार्थिनी. आपल्या जवळच्या विश्वात पदार्थ कसा पसरला आहे, हे तिला दाखवायचे होते. त्यासाठी तिने प्रदर्शनाच्या ठिकाणी मिळालेल्या वर्गखोलीत छतापासून दोरे सोडून मणी टांगले. एक मणी म्हणजे एक दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. एक वीत म्हणजे एक कोटी प्रकाशवर्षे. खोलीच्या मध्यावरचा लाल मणी म्हणजे आपली आकाशगंगा. तिथून साधारण साडेपाच वितींवर, कन्या राशीच्या दिशेला, मण्यांची दाटी. दुसऱ्या बाजूला, आपल्याला अगदी लागून, मोठी पोकळी, तिथे जवळपास काहीच नाही. बाकीचे मणी जाळ्याच्या धाग्यांसारखे एका दाटीकडून दुसरीकडे जाणारे. प्रत्येक मण्याची जागा मोजून ठरवलेली होती. शिडीवर ती चढत होती, खाली मी माप वाचत होते. काम संपल्यावर छायाचित्रे काढून आम्ही संध्याकाळच्या एसटीने गावी परतलो.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला साहेब येणार होते. साहेब येण्यापूर्वी आपल्याकडे सगळे सरळ करण्याची पद्धत आहे. कुंड्यांना गेरू लागतो, बाके एका रेषेत येतात, पताका सारख्या अंतरावर बांधल्या जातात. सजावट समितीचे प्रमुख, चित्रकला शिक्षक श्री. वाल्मिक धांडे, सकाळी आमच्या खोलीत डोकावले. त्यांना वाटले, मुलीने काम अर्धवट टाकले आहे. त्यांनी हाताखाली चार मुले घेतली आणि सगळे मणी सोडवून संपूर्ण खोलीत सारख्या अंतरावर पुन्हा टांगले. नंतर त्यांनी मला सांगितले ते असे : "अहो मॅडम, एका कोपऱ्यात गच्च अन् बाकी सगळं रिकामं. साहेब म्हनले असते, पिशवी सांडली काय इथं? मी आपलं नीट करून दिलं." श्री. धांडे यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. कामाबद्दल आहे.

आमची एसटी उशिरा पोचली. प्रज्ञा खोलीत शिरली तेव्हा दोन्ही परीक्षक आधीच उभे होते. विचारल्यावर तिने माहिती सांगायला सुरुवात केली आणि पोकळी दाखवायला हात वर केला. तिथे मणी होते. एका परीक्षकांनी विचारले, "कुठंय गं तुझी पोकळी?" ती म्हणाली, "सर, काल हुती. हे मी न्हाई लावलेलं." त्यावर ते म्हणाले, "काल होती, आज नाही? एका रात्रीत विश्व बदललं म्हणायचं." दारातली मंडळी हसली. मी त्या वेळी कार्यालयात उपस्थितीची सही करत होते; हे सगळे प्रज्ञाने मला नंतर सांगितले. शेरा पडला : "विद्यार्थिनीस स्वतःच्या प्रतिकृतीची माहिती नाही."

आता समितीच्या उत्तराकडे येते.

समिती म्हणते की मण्यांची मोजदाद केली, एकही मणी कमी भरला नाही, सबब नुकसान झालेले नाही. महोदय, आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो आणि आमच्या कर्जतला टँकर येतो. उद्या कुणी तो सगळा पाऊस कागदावर सर्व तालुक्यांत सारखा वाटला, तर एकूण पाणी एक थेंबही कमी होणार नाही. आमचे हंडे मात्र भरणार नाहीत. पदार्थ किती आहे, हे प्रज्ञा सांगत नव्हती. तो कुठे आहे, हे सांगत होती.

समिती म्हणते की छायाचित्रांत मणी अव्यवस्थित दिसतात, यावरून ते व्यवस्थित करणे आवश्यक होते हे सिद्ध होते. तीच छायाचित्रे पुन्हा जोडत आहे.

समिती म्हणते की विश्वात पदार्थ सर्वत्र सारखाच असतो, असे विषयतज्ज्ञांचे मत आहे, म्हणून बदललेली मांडणीच अधिक बरोबर ठरते. विषयतज्ज्ञांनी अर्धे वाक्य वाचले आहे. पदार्थ सारखा दिसतो तो काही मोठ्या अंतरांवर सरासरी काढली तर, म्हणजे सुमारे तीस कोटी प्रकाशवर्षांच्या आणि त्याहून मोठ्या पेट्या घेतल्या तर. प्रज्ञाच्या मापाने तेवढी पेटी, म्हणजे तीस वीत लांब, रुंद आणि उंच, त्या वर्गखोलीत मावत नाही. खोलीच्या आत, आपल्या शेजारात, दाटी आहे आणि पोकळी आहे.

शेवटी समितीने मोबाईलवर सापडलेल्या एका बातमीचा आधार घेतला आहे, की जवळचा पदार्थ अपेक्षेपेक्षा जास्त सारखा पसरलेला आढळला. ही बातमी खोटी नाही. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या पदार्थामुळे किती वाकतो, हे मोजून काही गटांना तसा फरक दिसला. तो शेकडा आठ-दहाच्या आसपास होता, आणि नंतरच्या काही मोजमापांत तो जवळपास उरला नाही. त्या थोड्याशा फरकासाठी जगभरची माणसे वर्षानुवर्षे लाखो दीर्घिकांचे आकार तपासत बसली आहेत. श्री. धांडे यांनी तो प्रश्न नायलॉनच्या रिळाने सकाळच्या चहाआधी सोडवला आणि समितीने त्यावर शिक्का मारला.

यावर कडी म्हणून उत्तरासोबत प्रज्ञाच्या नावे उत्तेजनार्थ प्रमाणपत्र आले आहे, "सुबक मांडणी"साठी. प्रमाणपत्र स्वीकारून, सजावट सद्हेतूने झाली व तक्रार उरली नाही, असे मी लिहून द्यावे अशी अपेक्षा आहे. शेरा मात्र राहणार. म्हणजे तिला बक्षीस मिळेल ते तिने न केलेल्या कामाचे, आणि केलेल्या कामाची तिला माहिती नव्हती असे दप्तरी राहील.

मी हे प्रमाणपत्र प्रज्ञाला दाखवले. तिने ते दोन्ही बाजूंनी पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, त्येंना सारखंच आवडत आसंल तर पुढच्या येळी सारखंच लावू की. नंबर तरी येईल." ती चिडून बोलत नव्हती. हिशेब करून बोलत होती. मापात अर्ध्या बोटाची चूक निघाली म्हणून संपूर्ण ओळ सोडवून पुन्हा बांधणारी ही मुलगी आहे. तिला मी काय सांगायचे ते समितीने मला कळवावे. खरे मोजून लावावे, एवढेच मी आजवर शिकवत आले. ते चुकले असल्यास तसे लेखी द्यावे, मी वर्गात वाचून दाखवीन.

राज्यस्तरीय यादी सोमवारी जाते. त्यापूर्वी प्रज्ञाला एक रिकामी खोली, शिडी आणि तेच मणी द्यावेत. ती परीक्षकांसमोर एकेक मणी टांगेल आणि तो तिथेच का, हे सांगेल. मी खोलीबाहेर थांबेन. तिला सांगता आले नाही तर शेरा कायम ठेवावा, माझी हरकत असणार नाही. सांगता आले तर तो खोडावा आणि तिचे नाव यादीत घ्यावे. त्या दिवशी दाराला आतून कडी लावण्याची परवानगी असावी.

मागितलेले निवेदन मी देणार नाही. उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मूळ प्रतीत परत करत आहे. ज्या मांडणीसाठी ते दिले आहे ती श्री. वाल्मिक धांडे यांची आहे, तरी नाव दुरुस्त करून त्यांना द्यावे.

अद्याप आपली नम्र,

(सही)
धनश्री सूर्यभान अनभुले
विज्ञान शिक्षिका, ता. कर्जत
दि. १८ डिसेंबर २०२५

सोबत :
१. उत्तेजनार्थ प्रमाणपत्र, मूळ प्रत, न वापरलेले.
२. मूळ मांडणीची छायाचित्रे. पहिल्या अर्जासोबत दिली होती तीच. या वेळी वरची बाजू कोणती ते मागे लिहिले आहे.