पटाशीला धार

दादा,

"प्रिय" लिहायला हात धजावत नाही, तेव्हा नुसतं दादा.

बाबा सुतार, आणि त्यांच्या मते देवाने हातात कसब दिलं ते तुला. मरताना मला एवढंच म्हणाले, "त्याची हत्यारं सांभाळ." तू तर आधीच निघून गेला होतास, कुठल्याशा कचेरीत खुर्ची उबवायला. अकरा वर्षं मी दर शनिवारी तुझी पटाशी, रंधा, करवत तेल लावून पेटीत ठेवत आले. तुला शिव्या घालत, पण ठेवत आले.

मागच्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी बायबलातला तो दाखला घेतला, धन्याने दिलेलं धन वापरायचं सोडून जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा. मनात म्हटलं, ऐका दादासाहेब, तुमचंच चाललंय. तेवढ्यात पुढच्या बाकाचा पाय निखळला आणि पाळकांच्या आई धाडकन खाली आल्या. सगळे मला म्हणाले, "दादाला बोलाव."

नाही बोलावलं. पेटी उघडली. पटाशी आरशासारखी चकचकीत, आणि बोथट इतकी की साबणाची वडी कापली नसती. अकरा वर्षांत मी तिला धार लावलीच नव्हती. बाबा तुला शिकवताना दाराआडून पाहिलं होतं, तशी लावली. पाय बसवला. आज पाळकांच्या आई त्याच बाकावर तासभर बसल्या, बाक कुरकुरलासुद्धा नाही.

पुरणारा तू, दादा. पण दर शनिवारी वरची माती सारखी करणारी मीच.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तू हत्यारं मागायला आलास, तर जुन्या सवयीने मी मुकाट्याने देऊन टाकेन, आणि आता ती मला द्यायची नाहीत.

तुझी धाकटी,
या घरातली सुतार