मान धरली का?

३ जुलै २००१, मंगळवार

आणली घरी. नांदेडहून जीपनं. इथं वारंगा फाट्याला येईपर्यंत माझ्या मायच्या मांडीवर होती. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो. मागं वळून पाहिलं नाही.

आज तीस दिवसांची झाली. शिलाला जाऊनही तीसच दिवस.

लग्नानंतर नऊ वर्षांनी शिलाला दिवस गेले होते. पोरगी जन्मली आणि शिलाचं रक्त थांबेना. आणि पोरगीला शी करायची जागाच नव्हती! दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. पोटावर डाव्या अंगाला वाट करून दिली आहे, तिथून शी येते. फडकं बदलायचं, पुसायचं, पुन्हा बदलायचं. वर्षभरानं खालची जागा करतील. तोवर पालथी घालायची नाही, म्हणाले डॉक्टर, तिथं दाब नको.

कागदावर नाव पाहिजे म्हणून नर्सनंच 'पुजा' लिहिलं. राहू दे.

शिलाची धाकटी बहीण आशा वाशिमहून आली होती. सात वर्षं झाली, तिला मूल नाही. म्हणाली, "दाजी, मी नेते हिला. मान धरली की येते. तोवर इथून डॉक्टर जवळ हाय." मी लगेच हो म्हणालो. लगेच! तिचंच तोंड उतरलं.

१९ जुलै

माझा एस.टी.डी. फोनचा बूथ पुन्हा उघडला. लोक येतात, फोन लावतात, मोठ्यानं हसतात. मला त्यांचा राग येतो.

१२ ऑगस्ट, रविवार

आशाचा फोन. दर रविवारी सकाळी दहाला करणार म्हणे. "धरली का मान?"

"न्हाई. दोन महिन्याची तर हाय."

माणिकराव — माझे साडू — पलीकडून ओरडून विचारत होते, दूध पिते का. पिते म्हणालो. खरं तर मला माहीत नव्हतं. मायला माहीत.

२६ ऑगस्ट

कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहितो.

ऑपरेशनच्या कागदावर सही करायला मी दीड तास लावला. डॉक्टरला वाटलं, ह्याला कागद समजला नाही. दोनदा वाचून दाखवला. मला समजला होता.

मी नुसता बसून होतो. म्हटलं, आपोआप काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. एक गेलीच आहे.

मग कुणीतरी हातात पेन दिला.

४ सप्टेंबर, मंगळवार

नांदेडला तपासणी. तीन महिने झाले. उचलली की मान ओल्या कपड्यासारखी मागं पडते. डोक्याची मागची बाजू चपटी झाली आहे. पाठीवर, नाहीतर झोळीत — दुसरं काय करणार?

डॉक्टरनं व्यायामवाल्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम तरुण, घाईच्या. "पालथं घालता येत नाही तर काय झालं? तुमची छाती आहे ना!"

माझी?

माय म्हणाली मी करते. मॅडमनं मायचे हात पाहिले. थरथरतात. "आजी, तुम्ही नाही. वडलांना करू द्या."

मला खुर्चीत मागं रेलून बसवलं आणि पोरगी माझ्या छातीवर ठेवली. पोटावरच्या वाटेभोवती कापडाचं कडं, म्हणजे दाब येत नाही. तोंड माझ्याकडे. "आता बोला तिच्याशी. आवाज आला की ती मान उचलायला बघेल. दोन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा." मग तिला कुशीवर निजवलं, पाठीमागे टॉवेलची गुंडाळी, म्हणजे हात समोर येतात. कधी ही कूस, कधी ती. कडेवर उभी धरायची, मानेमागे हात. मांडीवर बसवून छातीला आधार द्यायचा, तोंड बाहेर. आणि झोळीत दिवसभर नाही!

"बोला ना," मॅडम म्हणाल्या.

मी टॉवेल उचलून त्याची गुंडाळी करत बसलो.

५ सप्टेंबर

मायनं जुन्या लुगड्याची छोटी चुंबळ केली. घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशीच, पण वाटीएवढी. बराबर बसली वाटेभोवती.

मी नाही घेतली छातीवर. उद्या.

९ सप्टेंबर

घेतली. बूथमध्ये, दुपारी गिऱ्हाईक नसताना. नाक माझ्या बटनावर घासलं. रडली. दीड मिनिट झालं नाही तोच ठेवून दिली. अंगाला शिलाच्या माहेरून आलेल्या बाळंतशेपाचा वास. मायनं धुरी दिली होती.

मला हे जमणार नाही.

१६ सप्टेंबर

"धरली का मान?"

"न्हाई."

बूथवर एक बाई तिच्या पोरीला म्हणाली, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं — "जन्मल्याबरोबर मायला खाल्लं बघ हिनं." काय बोलणार? तीन महिने मी तेच म्हणून राहिलो मनात.

२२ सप्टेंबर

ताप. वाटेभोवतीची कातडी सोलून लाल झाली आहे. हात लावला की किंचाळते. व्यायाम बंद. रडून रडून निळी पडते. माय तिला घेऊन फिरते, मी भिंतीला टेकून बसतो. देवा, हिला ने नाहीतर मला ने. दोघांनी एकमेकांकडं बघत बसायचं, हे काय जगणं आहे?

३० सप्टेंबर

ताप उतरला. पुन्हा सुरू. बोलायला सुचत नाही म्हणून गावांचे कोड नंबर म्हणत बसतो. नांदेड, परभणी, अकोला, वाशिम. ती ऐकते. खरंच ऐकते.

१४ ऑक्टोबर, रविवार

छातीवर होती. दहा वाजले. फोन वाजला — आणि हिनं मान उचलली! लटपटत, एका बाजूला कलत, पण उचलली. हनुवटी माझ्या छातीवरून वर. डोळे मोठे. माझ्याकडे पाहिलं. शिलाच्या भुवया आहेत. आजवर दिसल्या नव्हत्या मला.

रिसीव्हर उचलला.

"धरली का मान, दाजी?"

"न्हाई अजून."

मी असं काहून बोललो?

१५ ऑक्टोबर

माय दारात उभी राहून ऐकत होती काल. आज भाकरी वाढताना म्हणाली, "काहून खोटं बोलला?"

मी म्हणालो, एकदा उचलली म्हणजे धरली असं नसते.

२४ ऑक्टोबर

चुंबळ खुंटीवर आहे. आठ दिवस झाले.

ठरवून नाही केलं. रोज म्हणतो, संध्याकाळी घेऊ. मांडीवर घेतो, पण मान हाताच्या खोबणीत. आरामात पडून राहते. हसतेसुद्धा आता.

मान धरली की आशा येईल.

२६ ऑक्टोबर, दसरा

माणसं सोनं द्यायला आली. दुपारभर मी दारातच होतो, माय बूथमध्ये बसली. मी कुणाच्या पाया पडलो, कुणी माझ्या. काही आठवत नाही.

६ नोव्हेंबर, मंगळवार

नांदेड. मॅडमनं तिला दोन हातांवर धरलं, थोडी पुढं झुकवली. मान खाली लोंबली.

"करता ना सांगितलेलं?"

"करतो."

"मग ही मागं काहून गेली?" मॅडम मराठवाड्याच्याच आहेत, रागात बोली बाहेर आली. "हिला पोटावर पडायला मिळत नाही. मानेत, खांद्यात जी ताकद यायची ती ह्याच्यातूनच येणार. पुढचं बसणं, रांगणं, सगळं ह्याच्यावर. पाचवा महिना सरला. दिवस वाया घालवू नका!"

मी मान हलवली. म्हणजे माझी.

स्टँडवर गाडीची वाट पाहताना मायनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मला म्हाईत हाय तू काहून थांबला ते," म्हणाली. "तिच्या मायनं जीव देऊन आणली. तू लुळी करून ठेवणार व्हय? घरी ठेवायला?"

गाडी आली. मी चढलो नाही. माय पोरगी घेऊन पुढे गेली. मी तिथंच बाकड्यावर बसून राहिलो. त्या दीड तासात मी तिला मरू देणार होतो. आता जगवून लुळी करणार होतो. माझ्यासारख्या माणसाच्या हातात लेकरू देऊच नये. आशाचं बरोबर आहे. न्यावी तिनं.

७ नोव्हेंबर

सकाळी दोनदा, दुपारी दोनदा, संध्याकाळी दोनदा.

१४ नोव्हेंबर, दिवाळी

काही नाही. मान तशीच. उचलते, पडते. कपाळ माझ्या छातीच्या हाडावर आपटतं, रडते, पुन्हा घेतो. बाहेर फटाके. शिला गेली आणि दिवाळी आली, असं कसं येतं सगळं?

आशाचा दिवाळीचा फोन. पाळणा घेतला म्हणे. सागवानी.

"धरली का?"

"न्हाई." ह्या वेळी खरं होतं.

२१ नोव्हेंबर

कूस, छाती, मांडी, खांदा. कूस, छाती, मांडी, खांदा. माझी पाठ गेली. एक ट्रकवाला फोन संपवून उभाच राहिला. "ये क्या कर रहे हो भाई?" म्हणालो, गर्दन के लिए. तो काचेवर टिचकी मारायला लागला, हिनं बघावं म्हणून. त्याची गाडी रस्त्यात उभी, मागं हॉर्न. बघितलं हिनं. तीन-चार मोजेपर्यंत.

२७ नोव्हेंबर

कोपरांवर जोर देते आहे. माझ्या छातीत रुततात. रुतू दे.

४ डिसेंबर, मंगळवार

धरली.

कडेवर उभी घेतली, मानेमागचा हात काढला. पडली नाही. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, रस्त्यानं गेलेल्या एस.टी.कडे मान वळवून पाहिलं. जशी काय जन्मापासून धरते आहे!

मायनं बोटं मोडून दृष्ट काढली. मी आत गेलो. इतकी कोवळी मान घट्ट झाली, आणि मान धरली की आशानं न्यायची असा माझा शब्द आहे.

ह्या रविवारी खोटं बोलणार नाही. झबली, फडकी, चुंबळ एका पिशवीत भरून ठेवली. डॉक्टरचे कागद वर. वाट कशी पुसायची ते आशाला लिहून दिलं पाहिजे. कोणत्या कुशीवर आधी, तेही.

८ डिसेंबर

चार पानं झाली. अजून संपत नाही.

९ डिसेंबर, रविवार

"धरली का मान?"

"धरली," मी म्हणालो. "कधी येता न्यायला?"

आशा रडतच बोलली — "दाजी, तुमच्या मायनं मला दसऱ्यालाच फोन करून तुमी काहून खोटं बोलता ते सगळं सांगितलं व्हतं. मला लई पाहिजे ती, लई. पण दर ऐतवारी मी एकच वाट पाहून राहिले, तुमी 'देत न्हाई' म्हणता का त्याची. म्हणा ना एकदा."

म्हणालो.