ओर्तांसच्या पट्टीबद्दल

दार उघडंच होतं, ओर्तांस. हे मी त्या दिवशीही सांगितलं आणि आज कागदावर लिहून देतो. तू म्हणतेस, मी चोरासारखा आलो. चोर जिन्यात शिट्टी वाजवत येत नाही. मी वाजवत होतो, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचार. बाकीचं भांडण पुढे येईलच, आधी रीतसर काय ते लिहितो.

मी गोल्वेन केर्मारेक, वय वर्षे सव्वीस, मूळ राहणार दुआर्नने, नंतर पॅरिस, सध्या कॉड मासे पकडणाऱ्या जहाजावर खलाशी, हे माझ्या हाताने लिहितो. कोणी दटावलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. काल प्यालो होतो, म्हणून कालचा कागद फाडला. उद्या आम्ही ग्रीनलंडच्या बाजूला निघतो. मागच्या फेरीत दोन माणसं जाळ्याबरोबर ओढली गेली, तेव्हापासून कप्तान प्रत्येकाकडून असा कागद लिहून घेतो. शाळा मी बाराव्या वर्षी सोडली, तेव्हा चुका असतील त्या तशाच वाचाव्यात.

घर नाही, जमीन नाही. वडिलांची होडी धाकटा भाऊ चालवतो, ती त्याचीच राहावी. मी वल्ह्याला हात लावला की तिला भोवळ यायची.

माझा कॅमेरा नट आन्सेल्म रुबो याला द्यावा. माझा एकुलता एक फोटो त्याने काढलेला आहे आणि त्यात माझं डोकं नाही. त्याला सरावाची गरज आहे.

फोटो मोठे करायचा एनलार्जर पॅरिसच्या घरमालकिणीने अडवून ठेवलाय आणि त्यावर ती मोजे वाळत घालते. तो तिलाच राहू दे. मोजे कधीच धड वाळू नयेत, एवढीच माझी इच्छा.

आता निगेटिव्हची पेटी. खरं मृत्युपत्र इथून सुरू होतं.

पॅरिसमध्ये मी थिएटरात पलंग, जिने, खोटी झाडं उचलायचो. तिथेच ही माणसं भेटली. पेटीत चार वर्षं आहेत. आन्सेल्म टबात बसून संवाद पाठ करतोय, पोट पाण्याबाहेर. गाणारी रेजीन ड्रेसिंग रूममध्ये गुळण्या करतेय. ओर्तांस व्होक्लेर, शिल्पकार, प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या हातांनी अंडं सोलतेय. मला कोणी बाहेर जा म्हणत नसे, कारण आमच्यात एक नियम होता.

आन्सेल्मच्या वडिलांनी तीस वर्षं मेट्रोत तिकिटांना भोकं पाडली. निवृत्त होताना त्यांनी आपला पंच परत केला नाही. रविवारी ओर्तांसच्या स्टुडिओत कांद्याचं सूप व्हायचं. मी आठवड्याच्या फिल्मच्या पट्ट्या मोठ्या खिडकीला चिमट्यांनी टांगायचो. प्रत्येकाने उजेडात आपापलं पाहायचं आणि नको त्या फोटोला तो पंच मारायचा; भोक पडलं की तो फोटो बाद. का, हे कोणी विचारायचं नाही. आन्सेल्म स्वतःच्या पोटाला भोक पाडताना म्हणायचा, “तिकीट तपासलं. उतरा, साहेब.”

त्या नियमामुळेच दारं उघडी असायची. मला वाटायचं, माझ्यामुळे. हे मला इथे येऊन कळलं.

ओर्तांसचा एका चौकासाठी केलेला पुतळा, अकरा महिन्यांचं काम, आतल्या लोखंडी सांगाड्यावरून सरकला आणि फुटला. मी पोचलो तेव्हा ती नुसत्या परकरात फरशीवर बसली होती. मांडीवर पुतळ्याचा गुडघा. रडत नव्हती. मी दारातूनच सहा फोटो घेतले आणि जिना उतरलो. येताना शिट्टी होती, जाताना नव्हती, हेही लिहून घ्या.

त्या रविवारी ती पट्टी मी टांगली नाही. फिल्म अजून ओली आहे म्हणालो. वाळून तीन दिवस झाले होते.

गॅलरीवाल्या लाबोर्दने मी नेलेल्या चाळीस फोटोंतून नेमका त्या सहांतलाच एक उचलला आणि मोठा करून दर्शनी काचेत लावला. ओर्तांसने तो पाव आणायला जाताना पाहिला. माझ्या डार्करूमवर आली ती पाव काखेत तसाच धरून.

मी मूर्खासारखं विचारलं, “आवडला नाही का?”

“चांगला आहे,” ती म्हणाली. “तुझा सगळ्यात चांगला. म्हणूनच तू मला पंच दिला नाहीस.”

मी म्हणालो, दिला असता तर तू भोक पाडलं असतंस. पुतळा गेलाच होता, फोटोही गेला असता, मग उरलं काय असतं?

“मी उरले असते,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात रेजीनने दारातूनच सांगितलं की केस ओले आहेत. आन्सेल्मने आत घेतलं, पण स्वतःच्या अंगातला कोट काढला नाही. महिन्याभराने मी जहाज धरलं.

आता लाबोर्दचं पत्र आलंय. त्याला सगळ्या मित्रांचं पुस्तक करायचंय. पेटी अख्खी हवी, वाटून टाकली तर मातीमोल होईल म्हणतो. मी मेलो तर कायद्याने ती वडिलांकडे जाते, आणि वडील होडीच्या इंजिनासाठी ती हसत देतील. म्हणून मी ठरवतो ते असं:

ज्याचा चेहरा, त्याची निगेटिव्ह. आन्सेल्मने घरोघर जाऊन हातात द्यावी. एका फोटोत दोघं असतील तर एकाचा नकार पुरे. कोणाला स्वतःहून लाबोर्दला द्यायची असेल तर द्यावी, त्यात माझं काही नाही. पेटी मातीमोल होत असेल तर होऊ दे.

ओर्तांसची ती पट्टी मात्र पेटीत नाही. फोटोबरोबर निगेटिव्हसुद्धा मी लाबोर्दला विकली होती. दोन वर्षांच्या आत तेवढेच पैसे दिले तर ती परत मिळेल, असं त्याच्या सहीचं लिखाण आहे. मुदत नाताळला संपते. लिखाण आणि पैसे ओर्तांसच्याच नावे पाठवतोय, म्हणजे लाबोर्द ती तिच्या हातात देईल, माझ्या नाही.

ओर्तांस, तो माझा सगळ्यात चांगला फोटो आहे, असं मी अजूनही म्हणतो. मृत्युपत्रात खोटं कशाला लिहू? तू सहाही खिडकीला टांग आणि ठरव. मी जिवंत परत आलो तर काय ठरवलंस ते मला सांगू नकोस.

साक्षीदार लागत नाहीत असं इथला कारकून म्हणतो. मी तरी घेतले. जहाजाचा आचारी तेओफिल ग्रांदेन याने सगळं वाचलं आणि विचारलं, “एवढं भांडायचं होतं तर तिथेच थांबायचं होतंस की.” तरी सही केली. दुसरी सही जाळी विणणारा मार्सियाल उएल याची.

सें-पिएर बंदर, ११ ऑक्टोबर १९६३.
गोल्वेन केर्मारेक

वरचं सगळं मी मेल्यावर लागू होईल. हे शेवटचं कलम आजपासून. ओर्तांस व्होक्लेर हिच्या नावे आज सकाळी पोस्टाने पाठवले: लाबोर्दचं लिखाण आणि नऊशे फ्रँक.