डाव्या बाजूचा आवाज

खारी, भाईंदर (पूर्व)
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इशिताला पापा. इकडे सगळे ठीक आहेत. बाबांचा खोकला उतरला आहे. आई अंगणात बोंबील वाळत घालते आणि समोरच्या नव्या इमारतीतल्या बाया गॅलरीत नाकाला पदर लावून उभ्या राहतात. त्यावरून रोज एक भांडण होतं. म्हणजे आईची तब्येत उत्तम आहे असं समज.

तुझं पत्र मिळालं. जव्हारहून तुझ्या आरोग्य केंद्रापर्यंतचा रस्ता एवढा खराब असेल असं वाटलं नव्हतं. वॉकमन असून त्याचा हेडफोन मोडला म्हणजे रोज एस.टी.त नुसतं खिडकीबाहेर बघत बसायचं. तू लिहिलंस, ‘तू बारीक बघणारा आहेस, चांगला निवडून पाठव.’ म्हणून मी हे काम घाईने केलं नाही. स्टेशनजवळच्या धर्मेशभाईंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. त्यांनी तीन प्रकारचे काढून दिले आणि म्हणाले, “घर ले जा, वापर के देख. तू कहाँ भागनेवाला है, नाथाभाई!”

तिन्ही मी माझ्या वॉकमनवर, एकाच कॅसेटवर ऐकले, नाहीतर तुलना खरी होत नाही. आपल्या गावच्या भजनी मंडळाची कॅसेट घेतली, जी सदूमामाने टेपरेकॉर्डर सगळ्यांच्या मधोमध ठेवून भरली होती. ती मला पाठ आहे. मग प्रवासाची परीक्षा पाहिजे म्हणून सुट्टीच्या दिवशी तिन्ही पिशवीत घेऊन ठाण्याच्या एस.टी.त बसलो आणि घोडबंदर रोडने जाऊन आलो.

पहिला स्पंजचा. वर पातळ लोखंडी पट्टी, डोक्याला भार नाही. पण गाडीचा खडखडाट आत येतो, आणि चेणे गावाच्या पुढे एका खड्ड्यात तो माझ्या गळ्यात येऊन पडला.

दुसरा मोठा, अख्खा कान झाकणारा. हा घातला आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की काय असं वाटलं. मृदंगावरची थाप पोटात लागते. पण कानांना घाम येतो. कंडक्टर माझ्यासमोर किती वेळ उभा होता कोण जाणे. शेवटी त्याने खांद्यावर तिकिटाच्या पेटीने टोचलं आणि म्हणाला, “ओ पायलट, विमान उतरवा आणि तिकीट घ्या.” सगळी गाडी हसली.

तिसरा बटणासारखा, कानाच्या आत जाणारा. खिशात मावतो, कोणाला दिसत नाही. पण टोचतो, आणि जांभई दिली की निसटतो.

मी यातला एक केव्हाच पाठवला असता. अडचण एवढीच आहे की तिन्हींची डावी बाजू कमी वाजते. अगदी बंद नाही. उजवीकडे झांज वाजते तशी डावीकडे वाजत नाही, झांजेवर ओला फडका टाकल्यासारखं होतं. एकाचं असतं तर समजलो असतो. तिन्हींचं कसं?

बाबांना विचारलं. ते म्हणाले, “खारं वारं. दुसरं काय असनार?” ते खरं असेल. बाबांचं निम्मं आयुष्य मिठागरावर गेलं, त्यांना माहीत. आपल्याकडे सायकलची साखळी टिकत नाही, पंख्याची पाती टिकत नाहीत, तर ही केसासारखी तार काय टिकणार? म्हणून मी तिन्ही तांदळाच्या डब्यात ठेवले आहेत, दमट असतील तर सुकतील. आईने डबा उघडला आणि विचारलं, “यांना काय अंकूर फुटनार हाय?”

एक बातमी राहिली. आमच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यातले बबनकाका होळीनंतर काम सोडून पेणकरपाड्याला मुलाकडे राहायला जाणार आहेत. त्यांची पत्रा दाबायची मोठी प्रेस शेठने मला द्यायचं ठरवलं आहे. आतापर्यंत मी वाट्यांच्या छोट्या प्रेसवर होतो, आता परातींच्या. बाबांनी गावभर सांगून टाकलं, देवळात नारळ फोडला. नववीत शाळा सोडलेल्या मुलाला याहून काय मिळायचं, असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. मला आनंद झाला आहे.

हेडफोन लवकर पाठवतो.

तुझा धाकटा,
नाथा


२० फेब्रुवारी १९९४

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. मी हेडफोनचं विचारलं आणि तू कानाचं लिहिलंस. तुम्हा नर्स लोकांना सगळीकडे आजारच दिसतो. माझा कान दुखत नाही. वाहत नाही. चक्कर येत नाही. तू विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर ‘नाही’ असं आहे. कानात शिट्टी वाजते का, हे एक सोडून. ती वाजते, पण ती गाळ्यातल्या सगळ्यांच्याच कानात वाजते. म्हणून ती मी धरत नाही.

तांदळाच्या डब्याचा उपयोग झाला नाही. म्हणून तिन्ही घेऊन धर्मेशभाईंकडे गेलो आणि जरा रागानेच म्हणालो की ओळखीच्या माणसाला खराब माल देता. त्यांनी तिन्ही आपल्या कानाला लावले.

“एकदम बराबर छे. दोनो बाजू चालू.”

“लेफ्ट कम है,” मी म्हणालो.

“कम नहीं है. अच्छा, उलटा पहन के देख.”

मी तोपर्यंत एकही उलटा घातला नव्हता. त्यावर डावं-उजवं स्पष्ट लिहिलेलं असतं, मग उलटा कशाला घालायचा? घातला. आता नीट वाच, कारण इथेच माझा गोंधळ होतो. डाव्या कानावरची बाजू उजव्या कानावर गेली, तर ती मोठ्याने वाजायला लागली. आणि जी चांगली होती ती डावीकडे आल्यावर कमी झाली. म्हणजे खराबी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेली. वस्तूची खराबी अशी जागा बदलते का? मग मी म्हणालो, वॉकमनच्या भोकात गंज असेल. त्यांनी दुकानातला नवा वॉकमन काढला. तेच. दुसरी कॅसेट लावली. तेच.

 धर्मेशभाईंनी वायर हळूहळू बोटाला गुंडाळली आणि विचारलं, “तू स्टील के बर्तनवाले गाले में है ना?” मी हो म्हणालो. “मशीन किस साइड में?”

मी म्हणालो, मशीन समोर असते. पण माझ्या डावीकडे बबनकाकांची मोठी प्रेस आहे. ती भिंतीला लागून आहे, त्यामुळे तिचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. हे मी त्यांना सांगितलं नाही, घरी येताना मला आठवलं.

काल आई चुलीपाशी होती आणि मी ओट्यावर, तिच्याकडे डावी बाजू करून. एकदम ती समोर येऊन उभी राहिली. “कानान बोळं घातलंस काय रं? कवाची हाका मारतंय!” मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं हे खरं असू शकतं. माझं लक्ष हल्ली कशातच नसतं.

बबनकाकांना सहज विचारलं. गाळ्यात कोणी तोंडाने बोलत नाही हे तुला माहीत नसेल. खुणा असतात. मूठ वर म्हणजे पत्रा संपला, दोन बोटं म्हणजे चहा, मान कापल्यासारखा हात म्हणजे शेठ आला. बोलायचं तर बाहेर नळापाशी जावं लागतं. तिथे जाऊन मी ओरडून विचारलं, “काका, तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं का?” ते हसले. म्हणाले, “डावा कशाला, दोनी. नाथा, प्रेसवाल्याचं कान गेलं म्हंजे तो कारागीर झाला. नायतर पोरगाच.” आणि मला पाठीवर थाप मारली, जणू माझं बारसं केलं.

मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम कसं वाटतं?

बाबांना यातलं काही लिहू नकोस. तसं लिहिण्यासारखं काही नाहीच.

नाथा


६ मार्च १९९४

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू लिहिलंस की आवाजाने गेलेला कान औषधाने परत येत नाही, पण उरलेला राखता येतो. कापसाचे बोळे घालून भागत नाही हेही कळलं. मी ते घालून बघितले होते. तुला सांगितलं नव्हतं. का काढले ते आता सांगतो.

मोठी प्रेस कधी कधी पायाने पेडल न दाबता आपोआप दुसऱ्यांदा खाली येते. तिच्यात काहीतरी झिजलं आहे, शेठ दुरुस्त करू म्हणतात. ती तशी येण्याआधी चाकाजवळ ‘टक्’ असा छोटा आवाज होतो. तेवढ्या वेळात हात बाहेर काढायचा. बबनकाकांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. “डोलं पत्र्यावर, कान चाकावर.” बोळे घातले तर टक् ऐकू येणार नाही, म्हणून काढले.

बुधवारी मी मोठ्या प्रेसवर शिकत होतो. परात काढायला हात आत घातला. चाक डावीकडे आहे, ताई. कोणीतरी माझी कॉलर मागे खेचली आणि मी पाठीवर पडलो. प्रेस आपोआप खाली येऊन परात चेपून दुमडली होती. माझ्या हाताला खरचटलंसुद्धा नाही. बबनकाका वरून बघत होते. त्यांनी खुणेने विचारलं, ‘ऐकलं नाहीस?’

मी मान हलवली. हो की नाही, ते मला आठवत नाही.

मग माझ्या मनात आलं, हे दोन्ही कानांनी बहिरे, मग यांना टक् कसं कळलं? ते जमिनीतून कळतं म्हणाले, तळपायाला. मला नाही कळलं. जन्मभर उभं राहिल्यावर कळत असेल.

दुपारी जेवताना मी नळापाशी हेडफोन काढला. तुझ्यासाठी निवडायचा होताच, आणि मला काही बोलायचं नव्हतं. काकांनी मागितला. “बघू र, काय तुजी भानगड हाय.” मोठा त्यांच्या कानांवर बसवला, भजन लावलं, आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी डोळे मिटले. मग मान हलवायला लागले, मांडीवर ताल धरला. चेहरा असा झाला की मला फार बरं वाटलं. म्हटलं, या हेडफोनमधून त्यांना ऐकू येतंय! असा हेडफोन असेल तर काही बिघडलेलं नाही. तुला लगेच लिहायचं असं ठरवलंसुद्धा.

मग माझी नजर वॉकमनवर गेली. कॅसेटची चाकं फिरत नव्हती. सेल उतरले होते, कधी ते मला माहीत नाही. काका ताल धरत होते.

मी काय करायला हवं होतं? मी थांबलो. ते थांबेपर्यंत थांबलो. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “झकास वाजतो. हाच पाठव बहिनीला.” मी मोठ्याने म्हणालो, “हो काका, हाच पाठवतो.” माझं ऐकू आल्यासारखे ते हसले.

मी हा पाठवत नाही. स्पंजचा पाठवतोय. घसरतो, पण पट्टी थोडी वाकवली की बसतो. ती मी वाकवून दिली आहे. तो कान बंद करत नाही. बसमध्ये कोणी बाई ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली तर तुला ऐकू येईल. आवाज निम्म्याच्या वर नेऊ नकोस.

शुक्रवारी मी शेठकडे गेलो. मला मोठी प्रेस नको म्हणालो. कारण विचारलं, ते खरं सांगितलं. शेठ हसले. “इतना तो सबका जाता है रे.” मग म्हणाले, छोट्या प्रेसवर आता दुसरा मुलगा ठरला आहे, होळीपर्यंत विचार कर, मोठी घे नाहीतर घरी बस. धर्मेशभाई म्हणतात दुकानात दुरुस्तीला हात लागतो, शिकवतो. पण पगाराचं बोलले नाहीत, आणि बाबा म्हणतील, कारागिराची जागा सोडून दुकानात वायरी जोडतोस? गावाला सांगू काय? मला कळत नाही की मी शहाणपणा केला की घाबरलो. रात्री वाटतं घाबरलो. सकाळी प्रेससमोर उभा राहिलो की वाटतं शहाणपणा केला. कोणतं खरं ते तूच सांग.

एवढं मात्र ठरलं आहे. त्या प्रेसखाली मी हात घालणार नाही. बाकी सगळा गोंधळ आहे, पण हा नाही.

होळीला ये. पत्राने बाबांना काही कळवू नकोस, मी स्वतः सांगणार आहे. पण त्यांनी दिलेलं उत्तर मला अर्धंच ऐकू आलं तर ते पुन्हा विचारायची माझी हिंमत होणार नाही. तेव्हा तू तिथे बस. ते काय म्हणाले ते मला नंतर सगळं सांग, वाईट असलं तरी.

दोन्ही हात शाबूत असलेला,
तुझा नाथा