गाडीभर धावडा

चैत्र वद्य ९, सन १९३७. सकाळ.
आजपासून वही. लिहिणार नर्मदा, मन्ही सून. शहाद्याला पाच बुकं शिकली ती. मला अक्षर येत नाही, पण सांगता येतं. करार असा की वही मन्ही, कोणी वाचायची नाही. लिहिणारीनंही नाही. नर्मदा म्हणाली, आत्याबाई, न वाचता लिहू कशी? म्हटलं, एकादशीला न खाता आमच्या भाकरी थापतेस ना, तशी.
मी शे म्हणते, ती आहे लिहिते. सोडून दिलं. मरणाच्या टैमाला भाषेवरून भांडण नको.
मुख्य मुद्दा. मला सदुसष्टावं लागलं. मरणाची सगळी तयारी मी जितेपणीच करून ठेवणार. पितांबरला, मन्ह्या पोराला, काडीची तोशीस पडता कामा नये. आजवर मी कोणाला तोशीस दिली नाही. इथं नर्मदा खोकली. म्हटलं, तेही लिही.

चैत्र अमावास्या.
लाकूडवाला भीमसिंग सातपुड्यातून लाकूड घेऊन आला. गाडीभर धावडा. एक नंबर माल, वाळून खणखणीत. विचारतो, माय, लगीन कोणाचं शे? म्हटलं, मन्हं. त्यानं मला खालून वर न्याहाळलं. म्हणे, तुझ्याएवढीला अर्धी गाडी पुरे, बाकीच्या धावड्याचे बैलगाडीला आस होतील. म्हटलं, आणि भरपावसात मेले तर? तो गाडी रिकामी करायला लागला.
गोठ्याशेजारच्या पडवीत रचून घेतलं. पुढची बाजू मन्ह्या खाटेसमोर, मागची न्हाणीमागच्या चुलीकडं. तिकडं जाते ती नर्मदाच. खाटेवरून सगळं दिसतं. एक काडी हलली तरी मला कळेल. सोळा आणे.

वैशाख शुद्ध ३. आखाजी.
नर्मदानं पुरणाचे मांडे केले. सगळे जेवले. मला घास गेला नाही. आखाजीचे मांडे हे मन्हं जुनं दुखणं. ते आज सांगायचं नाही. एवढंही नको होतं, पुसून टाक म्हटलं. म्हणे, शाईनं लिहिलं, पुसत नाही.

ज्येष्ठ शुद्ध ११. दुपार.
रडण्याची तालीम. आयत्या वेळी सुनेला सुचत नाही आणि गावात नाव मन्हं जातं. मी डोळे मिटून पडले, नर्मदाला म्हटलं, कर सुरू. ती म्हणाली, काय गं आत्याबाई कशी गेलीस, आणि फसकन हसली. म्हटलं, गुण सांग मन्हे, गुण. बराच वेळ काही ऐकू येईना. आठवत बसली होती. शेवटी मीच सूर काढून दाखवला, मोठ्यानं.
शेजारची कौसाबाई आठ बायका घेऊन रडत शिरली. मला उठून बसलेली पाहून तिला रागच आला. हातातली भाकर तव्यावर टाकून आले म्हणे. नऊ जणींना चहा करावा लागला. नर्मदाच्या पाठीत भरलं. तिच्याच पुढच्या सोयीसाठी चाललंय सगळं. आज तिला कळायचं नाही.

आषाढ शुद्ध ५.
पाऊस लागला. गोवऱ्या भिजल्या, तुराट्या भिजल्या, घरात नुसता धूर. मन्हं अंग ठणकतं. नर्मदाला सांगितलं, दोन्ही टैम अंघोळ, पाणी कढत पाहिजे. बाकी मन्हं काही मागणं नाही.
मी तापी, ती नर्मदा, आणि मधी हा पितांबर, सातपुडा. दोन्हीकडचं पाणी अंगावरून वाहू देतो, हलत नाही.

आषाढ वद्य २. सकाळ.
दहा दिवस झाले, ढिगाच्या मागून खुडखुड ऐकू येते. नर्मदाला विचारलं. म्हणाली, वाळवी असंल आत्याबाई.
वाळवीचा आवाज होत नाही. हे मी बोलणार होते. अख्खा दिवस तो शब्द कानात बसला होता. ढिगाच्या पुढच्या बाजूला राख टाकली.

आषाढ वद्य ४.
सांगूनच टाकते. लिही व नर्मदा, आणि वाचू नको.
मन्ह्या सासूनंही स्वतःसाठी सुकी बाभूळ रचून ठेवली होती. चाळीस वर्षं होत आली. आखाजीला भाऊ मला माहेरी न्यायला आला. त्याला मांडे घालायचे. मांड्यांना ज्वाळ पाहिजे, आणि चुलीतलं लाकूड धुरावलेलं. ढिगाच्या मागून चार काढली. पुढून दिसत नाही. माहेराहून परत आल्यावर आणखी चार. मग सवयच लागली. वरून ढीग जसाच्या तसा, आतून पोकळ.
सासू भादव्यात गेली, आठ दिवसांच्या झडीत. लाकूड काढायला गेले तर पुढचा पडदा तेवढा. मालकांनी मला विचारलं, कुठं गेलं? मी म्हटलं, वाळवी लागली. त्यांनी ते खरं धरलं. घरची बैलगाडी फोडून सरणावर घातली, तरी धडपणी पेटेना. दुसऱ्या दिवसापर्यंत धूर. मालक सहा वर्षांखाली गेले, तोवर दर भादव्यात म्हणायचे, मन्ही माय धुरात गेली. मी त्यांच्या भाकरीवर तूप वाढायचे.
गाडीभर धावडा कशासाठी, तर पितांबरच्या तोंडी ते वाक्य येऊ नये.
नर्मदाचा टाक थांबला. म्हटलं, थांबलीस का? म्हणाली, लिही ऱ्हायनी शे ना. ती शे म्हणाली.

श्रावण शुद्ध ७. दुपार.
आज तालीम. सरणाची लांबी बरोबर आहे का ते पाहायला ढिगावर चढून आडवी झाले. आधी बरं वाटलं. टेकवायला पाय पसरले आणि खालचं सगळं कडाड करून आत गेलं. मी पोकळीत बसलेली, पाय आभाळाकडं, तोंड न्हाणीकडं. ढिगाची मागची बाजू मी आज पहिल्यांदा पाहिली. मागची बाजूच नव्हती. समोर न्हाणीची चूल, चुलीपाशी धावड्याच्या ढलप्या.
नर्मदा धावत आली. विचारलं, हे काय शे? म्हणाली, वाळवी.
मग तिला मन्ह्याकडं पाहवेना आणि मला तिच्याकडं. नाहीतर या घरात मी असा ओरडा केला असता की तापीवरच्या प्रकाशा गावच्या घाटापर्यंत गेला असता. ओरडायचं कोणत्या तोंडानं?
हळू आवाजात विचारलं, कशाला काढलंस व? म्हणाली, तुमच्या अंघोळीला. दोन टैम, कढत. ओल्या गोवरीवर पाणी तापत नाही. म्हटलं, मला सांगायचं होतंस. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही हट्टानं गार पाण्यानं न्हाल्या असत्या, आणि सगळं लाकूड त्याच आठवड्यात लागलं असतं.
कंबर धरली होती. नर्मदानं शेकायला पाणी तापवलं. कशावर, ते विचारलं नाही.

त्याच दिवशी, दिवेलागणीला.
पितांबरला बोलावलं. बाभळीचं सगळं सांगितलं. आजीचं, गाडीचं, वाळवीचं. त्याच्या बापाला सांगायचं होतं ते त्याला सांगितलं. तो खाली मान घालून बसला. वाटलं, आता बोलेल ते ऐकायचं. म्हणाला, आपली गाडी नवी शे माय. दिवाळीलोंग थांब. भीमसिंगला सांगतो, तेव्हा सुकं मिळंल.
ठरलं. दिवाळीपर्यंत मरायचं नाही. घराची अडचण मला दिसते. आणि उद्यापासून अंघोळ गार पाण्यानं. पक्कं.

श्रावण शुद्ध ८. सकाळ.
एक तांब्या गार पाणी अंगावर घेतलं. एकच. मग हाक मारली.
ओल्या लुगड्यानं खाटेवर येऊन बसले. नर्मदा आली. मागून नाही गेली. मन्ह्यासमोर, पुढच्या बाजूनं दोन लाकडं काढली आणि न्हाणीकडं नेली.
मी पाहिलं. पाणी चांगलं तापलं होतं.