मधुरिमाताईंचं चुकतंय

४ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.
टीव्हीवर 'हिरवी गच्ची' पाहिली. मधुरिमाताई म्हणाल्या, मावा पडला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल. पाच मिलीने किडा नुसता तुकतुकीत होतो. माझं औषध: तंबाखूचा काढा, फिनेल, थोडं रॉकेल. चॅनेलला मेल केला. 'प्रेक्षकांची मतं'मध्ये वाचणार, पक्का.

५ एप्रिल.
पहिला फवारा. बायको, उर्मिला, म्हणाली, निदान खिडक्या तरी लावायच्या होत्या. हवा खेळती हवी, असं तिला समजावलं.

११ एप्रिल.
माझं मत वाचलं नाही. अकोल्याच्या एका बाईंचं वाचलं, कुंड्यांच्या रंगाबद्दल. दुसरा मेल, कडक शब्दांत.
मोगरा पिवळा पडलाय. चंडीगडचं ऊन, दुसरं काय.

१४ एप्रिल.
मिरच्यांची पानं गळली. किडा मात्र एकही नाही. औषध लागू पडतंय.

१९ एप्रिल.
चिमण्या गच्चीवर येईनाशा झाल्या. घाण तरी कमी.
खालून घरमालक बलविंदरजी आले, नाकाला रुमाल लावून. गॅस लीक होतोय का, विचारत होते. त्यांना कार्यक्रमाची वेळ सांगितली.

२५ एप्रिल.
कढीपत्ता गेला. बदलीच्या वेळी उर्मिलाने सोलापूरहून रेल्वेत मांडीवर घेऊन आणला होता. कुंडीपाशी बराच वेळ बसली. मी म्हटलं, मुळातच अशक्त होता.
तिला खोकला आहे. धूळ.

२ मे.
डोस दुप्पट. आठवा मेल.

६ मे.
उर्मिला मोहालीला, जाईकडे. जाई आमची मुलगी. फोनवर म्हणाली, मम्मीला डॉक्टरांनी इनहेलर दिलाय, पापा, प्लीज वो स्प्रे बंद करो. मुलीला मराठी कळतं, बागकाम नाही. उर्मिलाला हवापालट हवाच होता. चार दिवसांत येईल.

१६ मे, शनिवार. सकाळी ९.२०.
'प्रेक्षकांची मतं'मध्ये आपलं आडनाव. आवाज वाढवला.
पत्र उर्मिलाचं होतं. एकच प्रश्न: तंबाखू, फिनेल आणि रॉकेल महिनाभर फवारलेल्या घरात माणसाने किती दिवसांनी परत जावं?
मधुरिमाताईंनी पत्र खाली ठेवलं. मग म्हणाल्या, हे झाडांचं काम नाही, डॉक्टरांना विचारा. तोवर जाऊ नका.

९.४०.
जाईला फोन केला. उचलला नाही.
पाणी घालायला गच्चीवर गेलो. घालावं असं काही उरलं नव्हतं.